चिंधानानांचं इंग्रजी

चिंधानानांना इंग्रजी येत नाही, ही गोष्ट गावात फक्त दोघांना ठाऊक आहे, असं मी बरेच दिवस समजत होते. एक स्वतः नाना आणि दुसरी मी. मला ठाऊक असण्याचं कारण, त्या गावच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होते. शिकवत होते म्हणजे वेळापत्रकात माझ्या नावापुढे तो विषय लिहिलेला होता. खरं शिकवायला मी नंतर शिकले, आणि ते कोणाकडून, हेच सांगायला बसले आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावात वाढलेली, नुकतीच बी.एड. झालेली, आणि नेमणूक मिळाली ती धुळ्याच्या पलीकडे, सोनगीरला एस.टी.तून उतरून तासभर पायी आत जावं लागे अशा गावी. शाळेच्या खिडकीतून सोनगीरचा किल्ला दिसायचा. वर्गातली निम्मी मुलं माझ्याकडे न बघता त्या किल्ल्याकडे बघत, आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

गावात टीव्ही एकच. ग्रामपंचायतीचा, काळा-पांढरा, लाकडी कपाटात कुलूप लावून ठेवलेला. रविवारी सकाळी शिपाई कुलूप काढी आणि ती खोली बघता बघता भरून जाई. हिंदी कार्यक्रम सगळ्यांना समजत. खानदेशी माणसाला हिंदीचं वावडं नाही. पण त्या हिंदी कार्यक्रमांच्या मधोमध एक इंग्रजी मालिका लागायची, अंतराळातली. चंदेरी कपडे घातलेली माणसं यानात बसून या ग्रहावरून त्या ग्रहावर हिंडत आणि दर आठवड्याला कुठेतरी नवं भांडण उकरून काढत. तेवढा वेळ उठून बाहेर जावं, तर पुढच्या हिंदी कार्यक्रमाला बसायची जागा जाणार. म्हणून कोणी उठत नसे. आता बसायचंच आहे तर ती माणसं काय बोलतात ते कळायला नको का? ते सांगायचं काम गावाने चिंधानानांवर टाकलं.

नाना वीस वर्षं वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी करून परत आले होते. वीस वर्षं साहेबलोकांत वावरलेल्या माणसाला इंग्रजी येत नसेल, अशी शंकासुद्धा कोणी काढली नव्हती.

उंच, किडकिडीत माणूस. धोतरावर फॅक्टरीतला जुना खाकी सदरा, त्याची पितळी बटणं चिंचेने घासून लख्ख केलेली. टीव्हीसमोर यायचं तर चपला बाहेर. खांद्यावरच्या पंच्याने आधी काच पुसायची. मग स्टुलावर तिरपं बसायचं, म्हणजे पडदाही दिसावा आणि माणसंही दिसावीत. आणि म्हणायचं, "आयका." त्या एका शब्दावर खोली गप्प व्हायची. मी वर्गात डस्टर आपटून दमत असे.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम मागे बसले. पडद्यावरचा कप्तान काळजीच्या चेहऱ्याने म्हणाला की मुख्य तळाशी असलेला आपला संपर्क तुटला आहे. नानांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि लोकांना सांगितलं, "तो म्हनस, भू दिन व्हयनात, घरनी चिठ्ठी उनी नही." म्हणजे, बरेच दिवस झाले, घरची चिठ्ठी आली नाही.

बायका चुकचुकल्या. मी पदराआड हसले. त्या हसण्याची आज मला लाज वाटते, कारण विचार केला तर कप्तान अगदी तेच म्हणत होता.

नानांच्या काही सवयी होत्या. कोणाला "कसं काय" म्हणून ते कधी विचारत नसत. समोरच्याच्या तोंडाकडे बघत आणि थेट म्हणत, "रात्रे झोप नही ना लागनी?" किंवा "पोरगीनं पत्र उनं वाटतं." दहांतल्या नऊ वेळा ते खरं निघे. गावातलं कोण चहात किती साखर घेतं ते त्यांना पाठ होतं. कप पुढे ठेवताना त्याचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताकडे वळवून ठेवत, आणि डावखुऱ्या माणसाला डावीकडे. आणि त्यांचं एक पालुपद होतं. कोणी फार बोलायला लागलं, आणाभाका घ्यायला लागलं, की नाना शेजारच्याला हळूच म्हणत, "शब्द नको दखू. तोंड दख, तोंड."

आता माझा पराक्रम सांगते. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मालिकेतली डॉक्टरीण कप्तानाला म्हणाली की यानात दोन दिवसांचंच इंधन उरलं आहे. नानांनी सांगितलं, "ती म्हनस, तू दोन दिन व्हयनात, जेवना नही." मला राहवलं नाही. बी.एड. ताजी होती. मी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "नाना, ती जेवणाचं नाही, इंधनाचं बोलतेय."

खोली थंड पडली. नाना स्टुलावरून उठले. चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. म्हणाले, "बाईनं खरं शे. बाई शिकेल शे. या बाई, बठा आठे. आते तुम्हीच सांगा." आणि स्वतः पुढच्या ओळीत मांडी घालून बसले.

मी सांगू लागले. शब्दाला शब्द. अणुभट्टीचं तापमान, गुरुत्वाकर्षणाचा पट्टा, किरणांचा झोत. एक वाक्य चुकलं नाही. पहिल्या रविवारी लोक जांभया देत होते, दुसऱ्या रविवारी बाहेर जाऊन विडी ओढून येऊ लागले, तिसऱ्या रविवारी खोली अर्धी रिकामी. काशीमाय म्हणून एक म्हातारी भिंतीला टेकून बसायची. तिने मला मध्येच थांबवून विचारलं, "ते ऱ्हाऊ दे, बाई. पन तो मानूस जेवना का नही?"

मी म्हटलं, "माय, ते यात सांगितलेलं नाहीये."

"मंग काय सांगेल शे?" ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

एकटे नाना मात्र मन लावून ऐकत होते. कानामागे हात धरून, माझ्या ओठांकडे टक लावून. आणि ते बघता बघता माझ्या एकदम लक्षात आलं की या माणसाला नीट ऐकूच येत नाही. म्हणजे इंग्रजी येत नव्हतं ते नव्हतंच, पण पडद्यावरचं बोलणं मुळात त्यांच्यापर्यंत पोचतही नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, नाना, तुमचं स्टूल तुम्हाला परत. नाना उठले. चुलीपाशी जाऊन त्यांनी स्वतः चहा केला आणि कप पुढे ठेवला. मी साखर जास्त घेते, हे मी त्या गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. चहा बरोबर माझ्या मापाचा गोड होता.

"माले इंग्रजी येस नही, बाई," नाना म्हणाले. "आनि आयकू बी कमी येस. धाकलपने ताप उन्था, तव्हयफाईन."

"मग वीस वर्षं फॅक्टरीत?"

"कॅन्टीनमा व्हतू. साहेबलोकेस्नी मीटिंग ऱ्हाये, मी चहा लई जाऊ. त्या इंग्रजीमा भांडेत. माले एक शब्द समजे नही. पन कोनाफुढे कप आते ठेवाना, कोनाफुढे नही ठेवाना, ते समजे. तोंड खोटं नही बोलस, बाई. शब्द बोलतस."

दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गात गेले, पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि तोंडं करायला लागले. रागावलेलं तोंड, भ्यालेलं तोंड, भूक लागलेलं तोंड. आधी तोंड, मग त्याचा शब्द. सोनगीरचा किल्ला त्या तासाला कोणी पाहिला नाही. पुढे तीस-एक वर्षं मी इंग्रजी शिकवलं, शिबिरांत इतर शिक्षकांना कसं शिकवावं ते सांगितलं, आणि लोकांनी माझं नाव घेतलं. ती सगळी विद्या त्या दुपारच्या एका कप चहातली आहे.

पण त्या दुपारी आणखी एक गोष्ट मला दिसली. नानांच्या घरातल्या देवळीत लाल कापडात गुंडाळलेला एक नारळ होता. जुना, काळा पडलेला. ती कानबाई, कुळाची देवी.

खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिचा नारळ काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या एकच असतो. एरवी देवळीत असतो, त्या दिवशी त्याला डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर बसवतात. भाऊबंद एकत्र जमतात आणि रोट करतात. रोटाचे गहू मोजायची रीत ठरलेली: कुळातल्या दर पुरुषमाणसामागे सव्वा मूठ. सगळ्यांचे गहू एका सुपात पडतात, एकत्र दळले जातात, आणि त्याच्या पुरणपोळ्या, खीर भाऊबंद एका पंगतीला बसून खातात. कुळाबाहेरच्याला तो घास द्यायचा नाही. भावाभावांचं इतकं फाटलं की जोडणंच नको झालं, तर लोक 'वाटे झाले' म्हणत नाहीत, 'रोट वेगळे झाले' म्हणतात.

नानांचे रोट वेगळे झाले होते. ते मला नानीने सांगितलं, नाना गोठ्यात गेल्यावर. नाना नोकरीवर होते ती वीस वर्षं नारळ त्यांच्या धाकट्या भावाच्या, दगाआबांच्या घरी होता. समोरच घर, मध्ये एक गल्ली. आबांची बायको सुंदरअक्का रोज त्याला दिवा लावायची. नाना निवृत्त होऊन आले आणि त्यांना वडीलपणाची आठवण झाली. मान मोठ्याचा, नारळ मोठ्याच्या घरी पाहिजे. आबा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. नानांनी वाट पाहिली नाही. एके दिवशी आबा वावरात गेलेले असताना जाऊन देवळीतला नारळ उचलून आणला. सुंदरअक्का दारातच उभी होती. पण तिच्या दृष्टीने नाना जेठ, म्हणजे थोरले दीर; जेठासमोर पदर ओढायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. ती बोलू शकली नाही, आणि नाना तिच्याकडे न बघता नारळ घेऊन गेले.

"चुकनात त्या," नानी नवऱ्याबद्दल म्हणाली. "पन त्यास्ले कोन सांगी?"

त्यालाही दोन श्रावण उलटले होते. भाऊ भावाशी बोलत नव्हता. आबांकडे तीन मुलगे, नातू. सगळे घरात असून कानबाई नाही. नानांकडे कानबाई होती, पण दोन्ही मुली सासरी. घरात पुरुषमाणूस एकटे नाना. त्या दोन वर्षांत नानीने रोटाचे गहू म्हणून सुपात सव्वा मूठ टाकली होती, आणि ती सुपाच्या कोपऱ्यात शोधावी लागली होती.

रविवारी टीव्हीला मात्र दोघंही येत. टीव्ही एकच, काय करणार? आबा दाराशी बसत, तोंड रस्त्याकडे, कान आत. सुंदरअक्का बायकांत पुढे, पदर नाकापर्यंत. नाना स्टुलावर परत बसले होते आणि खोली पुन्हा भरली होती. मी काशीमायच्या शेजारी बसून मुकाट्याने ऐकत असे.

मग तो भाग लागला. श्रावण लागून थोडे दिवस झाले होते, कानबाई पुढच्या रविवारावर आली होती.

एका ओसाड ग्रहावर गुहेत एक निळा दगड असतो. पवित्र. त्यातून उजेड येत असतो. त्याच्यासाठी दोन कप्तान दोन ग्रहांवरून आलेले. एक टकला, एक दाढीवाला. दोघांचं म्हणणं, हा आमच्या पूर्वजांच्या मंदिरातला आहे. दोघं एकमेकांचे हाडवैरी, पिढ्यान्‌पिढ्यांचे, असं इंग्रजीत स्पष्ट सांगितलं होतं. नानांनी दोन्ही तोंडं पाहिली आणि सांगितलं, "ह्या दोन्ही भाऊ शेतस."

या वेळी मी उभी राहिले नाही.

"सख्खा का चुलत?" काशीमायने विचारलं.

"सख्खा," नाना म्हणाले.

दाराकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. पडद्यावर दोघं तावातावाने बोलत होते. नाना एकेकाचं सांगत होते. हा म्हणतो मी मोठा. तो म्हणतो मी सांभाळलं. लोकांना सगळं समजत होतं. लोकांना जरा जास्तच समजत होतं. एरवी दर दोन वाक्यांना 'मंग?' म्हणणारी खोली चिडीचूप होती.

तेवढ्यात सुंदरअक्का बोलली. नानांशी नव्हे. पदर तसाच ओढलेला, मान शेजारच्या बाईकडे वळवून, पण आवाज सगळ्यांना जाईल असा. "त्यास्ले विचार वं, ती मांगली डोकरी कोन शे?"

नानांना ऐकू गेलं नाही. पुढच्या माणसाने मोठ्याने सांगितलं. नाना पडद्याकडे वळले. गुहेच्या मागच्या अंधारात खरंच एक म्हातारी होती. मीही तिला पाहिलं नव्हतं. तिला बोलायला एक वाक्य नव्हतं. ते दोघं भांडत होते आणि ती त्या दगडापुढच्या दिव्यात तेल घालत होती.

नाना तिच्याकडे बघत राहिले. जगातलं प्रत्येक तोंड वाचणाऱ्या माणसाच्या नजरेतून तेवढं एक तोंड निसटलं होतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि लाइट गेली. पडद्यावर एक पांढरा ठिपका राहिला, मग तोही गेला.

"कोन व्हती ती?" लोकांनी विचारलं.

"माले... ते काही दखाडं नही त्यास्नी," नाना म्हणाले.

सुंदरअक्का शेजारणीला म्हणाली, "नहीच दखाडतस."

कोणी हसलं नाही. सकाळच्या उजेडात त्या बंद टीव्हीशेजारी नाना उभे होते, पंचा हातात चुरगाळत. लोक म्हणू लागले, नाना, लाइट काही येत नाही, शेवट सांगा. तेव्हा नाना म्हणाले, "शेवट माले माहीत नही. माले इंग्रजी येसच नही. कधळच येत नव्हती."

 दोन वर्षं गावाने डोक्यावर घेतलेला माणूस, त्याचं आता काय होणार?

दाराशी बसलेले दगाआबा रस्त्याकडेच बघत म्हणाले, "सातवीमा इंग्रजीमाच उडेल शे तो. मना पह्यले."

आणि काशीमाय भिंतीला टेकल्या टेकल्या म्हणाली, "बठ्ठासले माहीत शे रे, चिंधा. तू शेवट सांग."

बठ्ठासले. सगळ्यांना. मी वेड्यासारखी इकडेतिकडे बघत राहिले. ज्याला त्याला ठाऊक होतं. गुपित जपत बसलेली मी एकटीच होते.

नाना स्टुलावर बसले. आता पडदाच नव्हता, त्यामुळे ते सरळ माणसांकडे तोंड करून बसले. आणि सांगू लागले.

"आयका. मोठा भाऊ दगड लई गया. लहाना त्या टाइमले वावरमा व्हता." ग्रहावर वावर कुठून आलं, असं कोणी विचारलं नाही. "ती डोकरी दारमा उभी व्हती. त्याने तिन्हाकडे दखं नही. दखतं ते त्याले दगड नेता उता नही. मंग तो इमानमा बठना, आपला ग्रहवर उना. दगड देवळीमा ठेवा. फुढे बठना. आनि दखस ते काय, ग्रहवर दुसरं कोनीच नही."

"मंग?" काशीमाय म्हणाली.

"मंग काय. एकलाच." नाना उठले. "पुढलं पुढला ऐतवारले."

"पुढला ऐतवारले कानबाई शे. टीव्ही कोन दखी?"

"माहीत शे माले," नाना म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

शुक्रवारी शाळा सुटताना नाना फाटकाशी उभे. खाकी सदरा धुतलेला, दोन्ही हातांत लाल कापडातला नारळ. म्हणाले, "बाई, चला. आज माले सांगनारं मानूस पाहिजे."

"कुठे?"

"समोर. दगाना घर. तो मनासंगे बोलस नही. ती मनासंगे बोलत नही, रीत शे. आनि कोनी बोलनं बी, ते माले आयकू येस नही."

दुभाष्याला दुभाषी हवी होती, आणि तीही अहिराणीतून अहिराणीत. त्यात मी जळगावची, शहरातली. माझी अहिराणी ऐकून मुलं हसत. पण त्या माणसाला मी एकदा भरल्या खोलीत स्टुलावरून उठवलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

दगाआबा ओट्यावर बसले होते. शेजारी बियाण्याची गोणी. आत सुंदरअक्का आणि सुना गहू निवडत होत्या. देव नसला तरी कुळाचार म्हणून सूप मांडलेलं. नाना ओट्याच्या पायरीखाली उभे राहिले. मी मधे. नाना मला म्हणाले, "त्याले सांगा, मी चुकनू. नारळ लयना शे. ज्यास्नी इतला वरीस दिवा लाया, त्यास्ना घर ऱ्हाऊ द्या."

मी आबांकडे वळून तेच माझ्या मोडक्या बोलीत सांगितलं. त्यांना नानांचं बोलणं आधीच नीट ऐकू गेलं होतं, पण रीत ती रीत.  आबा माझ्याकडे बघून, पण भावाला लागेल अशा शब्दांत म्हणाले, "सांगा त्याले. जसं चोरीसन लई गया, तसंच धरी बस म्हना."

 नाना माझ्याकडे बघत होते, कानामागे हात. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. आता ते शब्द मला त्यांच्यापर्यंत पोचवायचे होते, शब्दाला शब्द, एकही न चुकवता. आणि मी आबांकडे पुन्हा एकदा पाहिलं. हनुवटी थरथरत होती. आणि बोलता बोलता, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल, त्यांच्या डाव्या हाताने ती गोणी बाजूला सरकवली होती. ओट्यावर एका माणसाला बसण्यापुरती जागा झाली होती.

मी वळले आणि नानांना मोठ्याने सांगितलं, "नाना, आबा म्हणतात, वर या."

आबांनी माझ्याकडे झटकन पाहिलं. मला वाटलं, आता ते मला खोटं पाडणार, मी नानांना पाडलं होतं तसं. त्यांनी पाडलं नाही. मान खाली घालून ते आपल्या हाताकडे बघत राहिले.

नाना पायरी चढले. आतून सुंदरअक्काचा आवाज आला, माझ्या नावाने. "बाई, त्यास्ले विचारा, सव्वा मूठ आनी का?"

हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं. नानांनी नारळ माझ्या हातात न देता आबांच्या हातात दिला, आणि सदऱ्याच्या खिशातून रुमालाची गाठ काढली. त्यात गहू होते. सुंदरअक्काने दाराआडून सूप पुढे केलं. नानांनी रुमाल त्यावर मोकळा केला, आणि त्यांची ती सव्वा मूठ बाकीच्या गव्हांत मिसळून गेली. कुठली कोणाची ते मग कोणाला सांगता आलं नसतं. मी तिथून निघाले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते सगळ्यांसमोर पुसायचं नव्हतं.

पुढे माझी बदली जळगावला झाली. नव्वदचं दशक लागलं, गावोगाव केबल गेली, घरोघरी रंगीत टीव्ही आले, अंतराळातली माणसंसुद्धा हिंदी बोलायला लागली. ग्रामपंचायतीच्या कपाटात आता मतदारयाद्या ठेवतात असं ऐकलं. त्या निळ्या दगडाचं शेवटी काय झालं, ते मला कधीच कळलं नाही. मी शोधलंही नाही.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते एका कानबाईलाच. आठ-नऊ वर्षांनी, मुद्दाम रजा काढून गेले होते. दगाआबांच्या घरासमोर मांडव, आत चौरंगावर कानबाई, नथ घालून, डोळे वटारून बसलेली. बायकांची गाणी चालली होती. रोटाच्या पंगतीला मला बसता येणार नव्हतं, मी कुळाबाहेरची. सुंदरअक्काने माझ्यासाठी वेगळ्या पिठाची पोळी ओट्यावर आणून दिली. माझ्यासमोर पदर नव्हता. चेहरा मी पहिल्यांदाच पूर्ण पाहिला.

नाना ओट्यावर येऊन बसले. फार वाळले होते. आता अजिबात ऐकू येत नव्हतं. बटणं मात्र लख्ख. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "जास्ती काम करतस तुम्ही." मग जरा वेळाने, इकडेतिकडे बघून, हळू आवाजात, म्हणजे त्यांना हळू वाटणाऱ्या आवाजात, त्यांनी विचारलं, "बाई, एक खरं सांगा. त्या दिन दगा काय बोलना व्हता? खरंखरं."

आत आबा पाट मांडत होते. त्यांना ऐकू गेलं असणारच. पाटांचा आवाज थांबला.

मी नानांना दिसेल असे ओठ हलवत म्हणाले, "वर या, म्हणाले."

नाना माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ. ज्या माणसाने मला तोंड वाचायला शिकवलं, त्याच्यापुढे मी बसले होते. मग त्यांच्या गालांवर सुरकुत्या पडल्या, आणि ते हसले. हसता हसता खोकले.

"बराबर शे, बाई," ते म्हणाले. "असंच सांगानं ऱ्हास."

आतून हाक आली. त्यांना ती ऐकू जाणार नव्हती. म्हणून दगाआबा स्वतः दारात आले, आणि नुसतं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. नाना गुडघ्यावर हात ठेवून उठले, चपला ओट्याखाली सारल्या आणि पंगतीत, आबांच्या शेजारच्या पाटावर जाऊन बसले.